मोकळे हात

माणसाला देवाने हात दोनच दिले आणि कामे मात्र चार हातांची नेमून दिली, ही माझी फार जुनी तक्रार आहे. पावसात भाजी आणायला निघावे, तर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिशवी. नेमका त्याच वेळी समोरून एखादा ओळखीचा गृहस्थ येतो आणि दोन्ही हात जोडून नमस्कार करतो. आपण छत्री काखेत धरून कसाबसा नमस्कार परत करायचा आणि भिजायचे. देवांनी आपली सोय आधीच पाहून ठेवली. विष्णूला चार हात, देवीला आठ नाही तर अठरा. ज्यांना शस्त्रे धरायची होती त्यांनी हातच वाढवून घेतले. माणसाला ते जमले नाही, म्हणून त्याने पट्टे, बंद, कडी, कोयंडे आणि झोळ्या शोधून काढल्या.

राम मात्र देव असूनही माणसाचा अवतार, म्हणून त्याच्या वाट्याला हात दोनच आले. घरोघरच्या तसबिरीत पाहा. धनुष्य खांद्याला अडकवलेले, पाठीशी भाता आणि उजवा हात आशीर्वादासाठी मोकळा. लहानपणापासून हे चित्र मी पाहत आलो, पण त्याविषयी कधी शंका आली नाही. ती आली २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरात, तीही धापा टाकत असताना. शंका अशी की, दंडकारण्यात करवंदीच्या जाळ्या होत्या की नव्हत्या? कारण दोरी चढवलेले धनुष्य खांद्यावर अडकवून झाडीतून दहा पावले चालणे ही अवताराच्याही आवाक्यातली गोष्ट आहे, असे मला त्या दिवशी वाटेना.

मी त्या डोंगरात कसा पोचलो ते सांगितले पाहिजे. माझी मुलगी डेन्व्हरजवळ राहते. तिच्या शेजारी एक साठी उलटलेले गृहस्थ राहतात. जन्मभर सुतारकाम केले, आता निवृत्त. दर वर्षी सप्टेंबरात तिथे धनुर्धाऱ्यांसाठी शिकारीचा हंगाम असतो. रीतसर परवाना काढून ते एल्क नावाच्या हरणामागे जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नराचे वजन तीनशे किलोच्या वर भरते. ह्या गृहस्थांनी एकदा कुंपणापलीकडून मला विचारले, "येता का बरोबर? शस्त्र धरायचे नाही, नुसते चालायचे." मुलगी म्हणाली, "बाबा, ह्या वयात?" सौभाग्यवती म्हणाल्या, "शिकारीला? आपण?" आमचे घराणे माळकरी. माझ्या गळ्यात माळ नसली तरी माझ्या ताटात अजून अंडेसुद्धा आलेले नाही. तरीही मी गेलो. का गेलो, ते पुढे येईल.

डेन्व्हरहून चार तास मोटारीने गेल्यावर गनिसनचे सरकारी जंगल लागते. तिथे आम्ही तंबू ठोकला. तळच तीन हजार मीटर उंचीवर. अस्पेनची झाडे नुकतीच पिवळी पडू लागली होती. हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधली तरी दम लागावा. पहिल्या संध्याकाळी शेजारीबुवांनी आपले धनुष्य पेटीतून बाहेर काढले आणि मी निराश झालो. माझ्या मनातले धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी आणि दोरी. हे निघाले धातूचे यंत्र. दोन्ही टोकांना चाके, चाकांवरून फिरणाऱ्या तीन-तीन दोऱ्या, नेम धरायला घोडी आणि बाजूला पाच बाण धरणारा खाचांचा भाता. हे चाकांचे धनुष्य मिसूरी राज्यातल्या हॉलिस ॲलन नावाच्या माणसाने बनवले आणि १९६९ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्यातली युक्ती अशी की, ओढताना साठ पौंड जोर लागला तरी पूर्ण ओढल्यावर चाके फिरून बोटांवर त्यातला थोडासाच भार उरतो. त्यामुळे नेम धरून थांबता येते. सोय मोठी, पण सगळा सरंजाम मिळून वजन दोन-अडीच किलो.

"दोन किलो काही फार नाही," मी म्हणालो.

"दहा मैलांनंतर विचारा," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी दुपारीच विचारले. आणि मग त्या विषयातले जे शास्त्र मला कळले, ते असे.

बंदूक ही एक दांडी आहे. तिच्या दोन टोकांना पट्टा बांधला की ती पाठीवर गुमान पडून राहते. धनुष्य ही दांडी नव्हे, ती चौकट आहे. चौकटीत एक मोकळी जागा असते, आणि जंगलातल्या प्रत्येक फांदीला त्या जागेत शिरण्याची ओढ असते. पाठीवर टाकावे तर वरचे टोक डोक्यावरच्या फांद्यांना लागते आणि खालचे टोक पोटरीला. हातात धरावे तर तो हात गेलाच. मग दुर्बीण कशी धरायची, चढताना खडक कशाने पकडायचा, आणि तोल गेला तर काय टेकायचे? बरे, दोरी ही त्या हत्याराची प्राणनाडी. तिला दगडाची धार लागली, काटा घासला, की सगळाच कारभार आटोपला. बाणांची पाती तर दाढीच्या पात्यासारखी धारदार. म्हणजे जे वाहून न्यायचे ते नाजूकही आहे आणि घातकही. तान्हे मूल आणि उघडा विळा एकाच कडेवर घेऊन डोंगर चढण्यासारखा हा प्रकार आहे.

ह्यावर आजच्या शिकाऱ्यांनी तीन मुख्य तोडगे काढले आहेत. पहिला खांद्याच्या पट्ट्याचा. दोन्ही टोकांना कापडी टोप्या घालायच्या, दोरी झाकायची आणि मधला पट्टा खांद्यावरून तिरका घ्यायचा. स्वस्त आणि हलका उपाय, पण उतारावर वाकले की धनुष्य पाठीवरून घसरून पोटावर येते आणि गुडघ्याशी भांडू लागते. दुसरा कमरेच्या आकड्याचा. कमरपट्ट्याला एक खोबण असते, तीत धनुष्याची मूठ किंवा खालचे टोक अडकवायचे. तलवारीसारखे ते चटकन हाती येते. सपाटीवर ह्यासारखे सुख नाही. चढावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीवर टोला बसतो. तिसरा पाठपिशवीचा. पिशवीच्या तळाशी एक खिसा असतो, त्यात धनुष्याचे खालचे चाक बसवायचे आणि वर दोन बंद आवळायचे. आता ते हलत नाही, टोचत नाही, वजन कमरेवर येते आणि दोन्ही हात पूर्ण मोकळे राहतात. दोष एवढाच की हवे त्या क्षणी ते मिळत नाही. बंद सोडा, पिशवी उतरा, मग हात घाला.

थोडक्यात, जो उपाय हात जितके मोकळे करतो तो धनुष्य तितके दूर नेतो. ह्यातून सुटका नाही. शेजारीबुवा चाळीस वर्षे ह्याच्याशी झगडत आले आहेत. ते चढावर धनुष्य पाठपिशवीवर बांधतात, झाडीत खांद्याला लावतात आणि जिथे ताजे खूर दिसतात तिथे हातात घेतात. दिवसातून वीस वेळा ही उलाढाल चालते.

पुढे घरी आल्यावर मी ह्या विषयाचा थोडा पिच्छा पुरवला, तेव्हा कळले की हा झगडा चाळीस वर्षांचा नसून काही हजार वर्षांचा आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे शक लोक धनुष्य आणि बाण एकाच म्यानात घालून डाव्या कमरेला लटकवीत. ग्रीकांनी त्या म्यानाला गोरायटस म्हटले. युक्रेनमधल्या चेर्तोम्लिकच्या टेकाडात १८६३ साली अशा एका म्यानाचा सोन्याचा पत्रा सापडला. पण शक घोड्यावर बसणारे. त्यांचे ओझे घोडा वाही. खरी पंचाईत पायी चालणाऱ्याची.

पायी चालणाऱ्यांत मला दोन माणसे फार जवळची वाटली. एक इशी. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस. गोऱ्यांनी त्याच्या लोकांची कत्तल केली, उरलेले डोंगरात लपून राहिले आणि एकेक करून संपले. १९११ च्या ऑगस्टमध्ये हा एकटा, उपाशी, ओरोव्हिल गावात आला. विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात तो राहू लागला. तिथे सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टराशी त्याची दोस्ती झाली आणि डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, जेमतेम साडेतीन फुटांचे. भाता पाणमांजराच्या अखंड कातड्याचा. बाणांबरोबर धनुष्यही तो त्याच भात्यात खोवी आणि सगळे मिळून डाव्या खांद्यावर टाकी. पाहा, केवढी साधी गोष्ट! धनुष्य आखूड केले, दोरी उतरवली, म्हणजे चौकटीची पुन्हा काठी झाली. आणि काठीला भात्यात जागा मिळाली. आपल्या चाकांच्या धनुष्याला हे जमत नाही. त्याची दोरी घडीघडीला उतरवता येत नाही. सुधारणेने जोर वाढवला, पण मिटून बसण्याची कला घालवली. १९१६ च्या मार्चमध्ये इशी क्षयाने गेला.

दुसरा माणूस याहून फार जुना. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ३२१० मीटर उंचीवर, बर्फात एक प्रेत सापडले. ते पाच हजार वर्षांहून जुने निघाले. लोक त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्याजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे एक धनुष्य होते, १.८२ मीटर लांब. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. ते अजून पुरते तासलेलेही नव्हते. भात्यात चौदा बाण, त्यांतले दोनच तयार. पाठीशी लाकडी चौकटीची पाठपिशवी. त्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, काही दिवसांपूर्वीची खोल जखम होती. आणि २००१ साली क्ष-किरणांत दिसले की, त्याच्या डाव्या खांद्यात एका बाणाचे गारेचे टोक रुतले होते. त्याला पाठीमागून मारले होते. त्याचे धनुष्य तेथेच एका खडकाला टेकून उभे केलेले सापडले.

ह्या शेवटच्या तपशिलापाशी मी बराच वेळ थांबलो. जखमी हाताने, कुणी पाठलागावर असताना, तो माणूस हे सहा फुटी लाकूड घेऊन डोंगर चढला. वर पोचल्यावर त्याने ते खडकाला टेकवले. का, ते कोण सांगणार? पण जो कधी ओझे घेऊन घाट चढला आहे त्याला खडकाला काहीतरी टेकवण्याचे सुख ठाऊक आहे.

आपल्याकडच्या एका उपायाचा उल्लेख करायलाच हवा. दिवाळी अंक हाती येतो तेव्हा दसरा नुकताच झालेला असतो. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपल्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या आणि सगळी शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली. धनुष्य वाहून नेण्याचा सर्वांत सुखाचा उपाय म्हणजे ते नेऊच नये. पण तो उपाय बृहन्नडेला परवडतो, शिकाऱ्याला नाही.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. पहाटे निघालो. एक दगडगोट्यांचा उतार चढायचा होता, म्हणून धनुष्य पाठपिशवीला बांधलेले. वर आल्यावर काळोखी झाडी लागली. शेजारीबुवांनी पिशवीवरून काढून ते हातात घेतले. तासभर आम्ही पावलांचा आवाज न करता चाललो. दूर कुठेतरी एल्क ओरडला. एवढ्या धिप्पाड जनावराचा आवाज बासरीच्या वरच्या पट्टीतल्या शिट्टीसारखा असेल, असे मला वाटले नव्हते. मग वादळात पडलेल्या झाडांचा ढीग आडवा आला. खोडावर खोड, त्यात फांद्यांचे सुळे. दोन्ही हातांशिवाय ओलांडणे शक्य नाही. शेजारीबुवांनी पट्टा खांद्यावर घेतला, धनुष्य पाठीला लावले आणि एका खोडावर चढले. त्याच क्षणी समोर, तीसेक पावलांवर, तो उभा होता.

शिंगे म्हणजे पानगळ झालेले झाड. मानेवर काळसर आयाळ. श्वासाची वाफ स्पष्ट दिसत होती. त्याने आम्हाला पाहिले नव्हते, वाराही आमच्या बाजूने होता. मी मनात आकडे मोजू लागलो. पट्टा डोक्यावरून काढणे: एक, दोन, तीन. दोरीवरची टोपी उतरवणे: चार, पाच. बाण खाचेतून सोडवणे: सहा. सातव्या आकड्याला जनावराने मान वर केली. आठव्याला तिथे नुसत्या फांद्या हलत होत्या.

शेजारीबुवांनी अर्धवट उतरवलेला पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला, खोड ओलांडले आणि मला हात देऊन पलीकडे उतरवले. मग ते हसले. मला वाटले होते, हा माणूस आता कपाळाला हात लावील.

दुपारी डबा खाताना मी विचारले, "धनुष्य हातातच ठेवले असते तर?"

त्यांनी उत्तर दिले नाही. विजारीचा पाय गुडघ्याच्या वर सरकवला. मांडीवर एक वीतभर पांढरा व्रण होता. पंचविशीत असताना ते बाण दोरीला लावूनच चालत असत, म्हणजे एक क्षणही वाया जायला नको. ओल्या खोडावरून पाय घसरला. दोन्ही हात गुंतलेले, टेकायला काही नाही. स्वतःच्याच बाणाचे पाते मांडीत शिरले. बरोबरच्या मित्राने आपला कमरपट्टा वर आवळून बांधला आणि पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणले, म्हणून जीव वाचला. "तेव्हापासून बाण लावायचा तो जनावर दिसल्यावर आणि पाय स्थिर असताना," ते म्हणाले. "त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा त्याचा. तो डोंगराचा कर आहे. मी तो भरतो. आज त्यातून एका एल्काची सुटका झाली. त्याचेही काहीतरी चांगले झालेच की."

आणि मग त्यांनी मला विचारले, "तुम्ही मांस खात नाही, शिकार करीत नाही. मग इतक्या लांब माझ्या मागे का आलात?"

उत्तर सांगायला मला १९६१ सालापर्यंत मागे जावे लागले.

माझे वडील तेव्हा सातपुड्यात, अक्राणी महालात, प्राथमिक शाळेवर शिक्षक होते. तो मुलूख आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. डोंगरावर डोंगर, मध्ये नाले, आणि वस्ती पावरा आणि भिल्लांची. पुरुष घराबाहेर पडला की हातात तिरकमठा असायचाच, जसा आपल्याकडे म्हाताऱ्याच्या हातात काठी. कमठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. बाजाराला जाताना तिरकमठा, ढोरांमागे तिरकमठा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला. आज तिथे शिकार हा गुन्हा आहे आणि कमठा होळीच्या नाचात आणि घरच्या आढ्याला दिसतो. पण मी सांगतो आहे ती त्याच्या आधीची गोष्ट.

श्रावण महिना असावा. वडील मला घेऊन शेजारच्या पाड्यावरून परत येत होते. मी सात वर्षांचा, तापाने फणफणलेला. नाल्याला लोंढा आलेला. वडील देशावरचे, त्यांना पोहणे येत नव्हते. काठावर तास झाला असेल. तेवढ्यात पलीकडून एक पावरा छातीएवढ्या पाण्यातून चालत आला. ससा मारून परत चालला होता, तो कमरेला लटकत होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, पोर दे."

वडील घुटमळले. त्याच्या एका हातात कमठा होता, दुसऱ्या हातात तीन-चार बाण. त्याला ते कळले. त्याने कमठा डोक्यावरून अंगात घातला; दोरी छातीवरून तिरकी, बांबू पाठीवर, अगदी जानव्यासारखा. बाणांचे काय करायचे? त्याने ते वडिलांच्या पुढे धरले. ओलेत्या पात्यांना सशाचे रक्त लागले होते. माझे वडील वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी क्षणभर त्या बाणांकडे पाहिले. मग मला त्याच्या हातात दिले आणि बाण आपल्या हातात घेतले.

त्याने मला छातीशी धरले. माझा गाल त्या कामटीच्या दोरीवर दाबला गेला होता. पाणी त्याच्या काखेपर्यंत आले, माझे पाय ओले झाले. त्याचे दोन्ही हात माझ्याभोवती होते आणि ते जरासुद्धा थरथरले नाहीत. एवढेच मला आठवते. पलीकडे मला ठेवून तो पुन्हा गेला आणि वडिलांना हाताला धरून घेऊन आला. वडिलांनी बाण डोक्याच्या वर धरले होते, एखादी पोथी धरावी तसे. मग त्याने बाण घेतले, काही न बोलता पुन्हा पाण्यात उतरला आणि आपल्या वाटेने गेला. त्याचे नाव वडिलांनी विचारले नाही, आणि त्यानेही आमचे विचारले नाही.

घरी आल्यावर आईने माझ्या गालावरचा लाल वळ पाहिला आणि वडिलांच्या हाताला लागलेले रक्त पाहिले. सगळे ऐकून ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही ते हातात धरलंत?"

वडील पाय धूत होते. ते म्हणाले, "त्यानं आपलं पोर धरलं, मी त्याचे बाण धरले. फिट्टंफाट झाली."

ही हकिकत मी शेजारीबुवांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली. पोथी आणि माळ त्यांना किती समजली कोण जाणे. ते बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करीत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोरी छातीवर की पाठीवर?" मी म्हणालो, "छातीवर." त्यांनी मान डोलावली. सुतार माणूस, त्याला तेवढा तपशील पुरतो.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहू लागलो. धनुष्य हातात असले की ते झाडीकडे बघत, पण झाडी त्यांना दिसत नसे. दिसत असे ती फटींची जाळी: ह्या फटीतून बाण जाईल, त्या फटीतून जाणार नाही. धनुष्य पाठीला गेले की तोच माणूस वाकून रानफळे तोडी, मला एखादे पीस उचलून दाखवी, झऱ्यावर ओंजळ धरी. माझी धाप ऐकून थांबण्याचे त्याला तेव्हाच सुचे. शस्त्र बाळगणाऱ्याचे हात मोकळे असावे लागतात, ते शिकारीच्या सोयीसाठी, असे मी धरून चाललो होतो. पण चार दिवसांत त्या मोकळ्या हातांनी शिकार एकही केली नाही. खडक पकडले, चहा केला आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पंधरा-वीस वेळा ओढून वर घेतले.

मी हे अहिंसेचे व्याख्यान म्हणून सांगत नाही. शेजारीबुवा पुढच्या सप्टेंबरात पुन्हा जाणार, जनावर बरोबर जागी सापडले तर मारणार, आणि त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे खाण्याजोगे मांस जंगलात न टाकता पाठीवरून चार खेपा घालून खाली आणणार, हे मला ठाऊक होते. त्यांचा हिवाळा त्यावर निघतो. सातपुड्यातल्या त्या माणसाच्या घरी त्या रात्री सशाचे कालवण झाले असेल, हेही मला ठाऊक आहे. ते कालवण आणि माझे जिवंत असणे ह्या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. तशी खटपटही आता मी सोडून दिली आहे.

डोंगरातून परत आल्यावर शेजारीबुवा एक दिवस आमच्या दारात आले. त्यांचा खांद्याचा पट्टा खडकावर घासून तुटायला आला होता. बाजारातले पट्टे गुळगुळीत, ते खांद्यावरून घसरतात, अशी त्यांची तक्रार होती. "रुंद आणि थोडे खरबरीत काही आहे का?" त्यांनी विचारले. मला एकदम आठवले. विमानात फुटू नये म्हणून आमच्या मोठ्या बॅगेला गावाकडच्या नवारीची पट्टी आवळून आणली होती. चांगली चार बोटे रुंद, सुती. मी ती पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि खूश झाले. टोकांना कातडी टोप्या त्यांनी स्वतः कापून आणल्या. शिवायचे काम मी अंगावर घेतले. वडील शाळेच्या वह्या दाभणाने शिवीत. तेवढी कला माझ्या हातात उतरली आहे.

परसदारी खुर्ची टाकून बसलो. सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. चार दिवस त्यांनी शिकारीबद्दल एक अक्षर विचारले नव्हते. आता त्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, "हे त्या धनुष्यालाच ना?"

"हो," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. मेणाचा जाड दोरा दाभणाच्या भोकातून जाईना. मी चष्मा वर केला, खाली केला, दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले. तीनदा हुकले. तेव्हा त्यांनी भाजीचे ताट बाजूला ठेवले, पदराला हात पुसले, माझ्या हातातून दाभण घेतले आणि एका खेपेत दोरा ओवून परत दिले.

"दुहेरी टीप घाला," त्या म्हणाल्या. "डोंगरात माणसाचे हात मोकळे राहायला हवेत."